रॅम्पचा दोर पुन्हा पुन्हा का तुटतो? ताणाचा हिशोब आणि त्यात न दिसणारा हिसका

बिजागरीवर उघडणारा रॅम्प घरीच बनवणाऱ्या बहुतेकांची गोष्ट सारखीच असते. रॅम्पचं वजन काढायचं, त्याचं निम्मं करायचं, त्याच्या कितीतरी पट ताकदीचा दोर आणायचा आणि निर्धास्त व्हायचं. मग काही महिन्यांनी दोराच्या तारा कुसळांसारख्या बाहेर येतात किंवा एके दिवशी दोर सरळ तुटतो. नवा, थोडा जाड दोर बसवला की तोही त्याच जागी तुटतो.

माझ्या रॅम्पचा दोर तीनदा तुटला. तिसऱ्या वेळी मी दोर बदलायच्या आधी कागद घेऊन बसलो. तेव्हा दोन वेगळ्या चुका सापडल्या. एक हिशोबातली होती आणि दुसरी हिशोबात कधी आलेलीच नव्हती. दोर तुटायचा तो मुख्यतः दुसरीमुळे. पण पहिली समजल्याशिवाय दुसरी दिसत नाही, म्हणून सुरुवात पहिलीपासून करतो.

माझी मांडणी अशी. शेडची जमीन बाहेरच्या जमिनीपेक्षा ६० सेंटिमीटर उंच. त्या कडेला बिजागऱ्या, आणि त्यांवर २.४ मीटर लांब, ६० किलो वजनाचा रॅम्प. दोन्ही बाजूंना खांब, आणि बिजागरीपासून बरोबर १.२ मीटर उंचीवर एकेक कप्पी. रॅम्पच्या मोकळ्या टोकाच्या दोन कोपऱ्यांना ४ मिलिमीटरचे दोर, ते कप्प्यांवरून खाली येऊन एकाच हातविंचवर (हँडल फिरवून ड्रमवर दोर गुंडाळणारं यंत्र). खाली सोडला की रॅम्पचं टोक जमिनीवर टेकतं, वर घेतला की तो दारासारखा उभा राहतो. तुमची मापं वेगळी असतील, पण आकडे बदलून हाच हिशोब चालेल.

निम्मं वजन कुठे बरोबर, कुठे चूक

रॅम्पचं टोक हाताने सरळ वर उचललं तर हाताला निम्मं वजन लागतं हे खरं आहे. उरलेलं निम्मं बिजागरी घेते. माझ्या बाबतीत हे ३० किलो. पण दोर सरळ वर ओढत नाही, तिरका ओढतो. त्याच्या ओढीचा मोठा भाग रॅम्पला बिजागरीत ढकलण्यात जातो आणि उचलायला उरतो तो लहानसा भाग. त्यामुळे तेच ३० किलोचं काम करायला दोरात बराच जास्त ताण लागतो.

शाळेत शिकलेला बलाघूर्णाचा नियम इथे लागू होतो. रॅम्पचं वजन बिजागरीभोवती त्याला खाली फिरवू पाहतं आणि दोराचा ताण वर. दोन्ही आघूर्णं सारखी झाली की रॅम्प तोलला जातो. ताणाचं आघूर्ण म्हणजे ताण गुणिले बिजागरीपासून दोराच्या रेषेवर टाकलेला लंब. तो लंब किती लांब आहे यावर सगळं ठरतं. दोर जितका रॅम्पला चिकटून जाईल तितका लंब छोटा आणि ताण मोठा.

कप्पी बिजागरीच्या बरोबर वर, ओळंब्यात असेल तर हा हिशोब फार सोपा होतो. दोन्हीकडे कोनाचा तोच गुणक येतो, तो कटतो, आणि उरतं ते एवढंच:

ताण = टोकाचं वजन × दोराची मोकळी लांबी ÷ कप्पीची उंची

इथे टोकाचं वजन म्हणजे दोर जिथे बांधलाय त्याच बिंदूवर रॅम्प सरळ वर उचलायला लागणारं बल. मोकळी लांबी म्हणजे कप्पीपासून त्या बिंदूपर्यंतचा दोर. उंची मोजायची ती बिजागरीच्या पिनपासून, जमिनीपासून नाही. साइन-कोसाइन लागत नाही, पट्टी टेप पुरतो.

टोकाचं वजन कागदावर काढण्यापेक्षा सामान तोलायच्या स्प्रिंगच्या काट्याने प्रत्यक्ष मोजा. काटा त्या बिंदूला अडकवा, ओढ ओळंब्यात ठेवा आणि टोक जमिनीपासून जेमतेम सुटलं की आकडा वाचा. रॅम्पची चौकट एकसारखी नसते. टोकाला पत्र्याची जीभ असते, मधे पट्ट्या असतात, प्लायवूड पाणी पितं, चिखल बसतो. काटा हे सगळं धरून खरा आकडा देतो.

आता माझे आकडे. रॅम्प खाली टेकलेला असताना मोकळा दोर २.९४ मीटर. ३० गुणिले २.९४ भागिले १.२, म्हणजे सुमारे ७३ किलो बल, न्यूटनमध्ये ७२० च्या आसपास. मी धरलं होतं ३०. सुरुवातच अडीच पटीने चुकली होती.

कप्पीची उंची बदलली तर काय होतं तेही पाहू. तोच रॅम्प, तोच सर्वात खालचा बिंदू. कप्पी बिजागरीपासून ६० सेंटिमीटरवर असती तर ताण १३० किलोच्या वर गेला असता. १.८ मीटरवर असती तर ५६, आणि २.४ मीटरवर ४७. पहिल्या ६० सेंटिमीटरने जेवढा फायदा होतो तेवढा नंतरच्या १२० सेंटिमीटरने होत नाही. म्हणून खांब ठेंगणा असेल तर आधी तो वाढवा, दोर जाड करणं नंतर.

दोर टोकाऐवजी रॅम्पच्या मध्यावर बांधला तर तो लपतो आणि ये-जा करताना आड येत नाही, म्हणून तसं करायचा मोह होतो. पण मध्यावर उचलायला अख्खे ६० किलो लागतात. मोकळी लांबी घटून १.९ मीटर झाली तरी ताण ९५ किलोपर्यंत जातो.

कप्पी बिजागरीच्या ओळंब्यात नसेल तर वरचं सूत्र वापरू नका. तेव्हा कागदावर १ सेंटिमीटरला १० सेंटिमीटर या प्रमाणात बाजूचं चित्र काढा, बिजागरीपासून दोराच्या रेषेवर गुण्याने लंब टाका आणि पट्टीने मोजा. मग रॅम्पचं वजन गुणिले बिजागरी ते गुरुत्वमध्य हे आडवं अंतर, भागिले तो लंब. माझी कप्पी खांबाच्या मागच्या बाजूला, ३० सेंटिमीटर आत असती तर लंब सुमारे ८२ सेंटिमीटर आला असता आणि ताण ८५ किलो झाला असता. ३० सेंटिमीटर आत सरकवल्याची किंमत १२ किलो.

ताण सर्वात जास्त कधी

सूत्राकडे पुन्हा पाहा. टोकाचं वजन आणि कप्पीची उंची बदलत नाहीत, बदलते फक्त मोकळी लांबी. म्हणजे ताण मोकळ्या दोराच्या प्रमाणात कमी होत जातो. रॅम्प टेकलेला असताना ७३, आडवा झाला की ६७, ८० अंशांवर उभा होत आला की जेमतेम ३१. विंच सुरुवातीला कण्हते आणि नंतर हलकी होते ती यामुळेच. तो बिघाड नाही. पण रॅम्प आडवा धरून ताण मोजणारे खरी कमाल चुकवतात. रॅम्प जमिनीकडे आडव्यापेक्षा खाली उतरत असेल तर हिशोब त्या सर्वात खालच्या जागी करा.

किल्ल्यांचे उचलते पूल बांधणाऱ्यांना हाच प्रश्न पडायचा. पूल वर जाताना ताण कमी होत जातो, मग एका ठरावीक वजनाच्या प्रतिभाराने (दोराच्या दुसऱ्या टोकाला लटकवलेल्या वजनाने) तो पूर्ण वेळ कसा तोलायचा? १८व्या शतकातल्या बेलिडोर या फ्रेंच अभियंत्याने प्रतिभार वक्र मार्गावरून घरंगळवला. पुढे पोन्सले या दुसऱ्या फ्रेंच अभियंत्याने जड साखळ्या वापरल्या, म्हणजे पूल वर जाताना प्रतिभाराचं वजन आपोआप घटत जाईल. घरच्या रॅम्पला प्रतिभार लावायचा असेल तर साखळीचाच विचार करा. कप्पी ओळंब्यात असली की ताण लांबीच्या सरळ प्रमाणात घटतो, आणि जमिनीवर उतरून गोळा होणाऱ्या साखळीचं लटकतं वजनही तसंच घटतं.

मग दोर तुटतो कशाने?

७३ किलो दोन दोरांत वाटले की एकेकाला ३७. दोन दोर कधीच सारखे ताणलेले नसतात, म्हणून मी प्रत्येक दोर पूर्ण ७३ किलो घेईल असंच धरतो. कप्पीच्या घर्षणासाठी १० टक्के वाढवले तरी ८० किलो, म्हणजे ८०० न्यूटनच्या आत. सात-गुणिले-एकोणीस बांधणीचा (एकोणीस तारांचे सात पेड) ४ मिलिमीटरचा पोलादी दोर तुटायला साधारण ८ ते ९ किलोन्यूटन लागतात (तुमच्या दोराचा नेमका आकडा त्याच्या लेबलवरूनच घ्या). पाचपट सुरक्षा धरायची रीत आहे, इथे दहापट होती. हिशोब दुरुस्त करूनही दोर तुटायचं कारण सापडत नव्हतं.

मग आठवायला लागलो की तिन्ही वेळा नक्की काय चाललं होतं. तिन्ही वेळा रॅम्प खाली सोडत होतो. उचलताना दोर एकदाही तुटला नव्हता, आणि उचलतानाच तर ताण सर्वात जास्त असतो.

माझा रॅम्प उभा केला की ९० अंशांच्या किंचित पलीकडे, आतल्या बाजूला कलून चौकटीला टेकायचा. खाली सोडताना मी विंच उलटी फिरवायचो. दोर सैल व्हायचा, रॅम्प मात्र जागचा हलायचा नाही, कारण त्याचं वजन आत कललेलं. मग मी हाताने त्याला बाहेर ढकलायचो. तो सुटायचा आणि सैल दोर संपेपर्यंत मोकळा पडायचा. दोर ताठ होताना खाड्कन आवाज यायचा. तो आवाज मी कितीतरी वेळा ऐकला होता आणि कधी मनावर घेतला नव्हता.

आता या सैल दोराचा हिशोब. रॅम्प उभा असताना माझा मोकळा दोर १.२ मीटर असतो. तो ५ सेंटिमीटर सैल झाला तर रॅम्प सुमारे १२ अंश मोकळा फिरतो आणि त्याचं टोक अर्धा मीटर बाहेर झुकतं. २० सेंटिमीटर सैल झाला तर जवळजवळ २५ अंश, आणि टोक सुमारे एक मीटर बाहेर झुकतं. उभ्या स्थितीजवळ दोर आणि रॅम्प जवळपास एका रेषेत असतात, त्यामुळे दोराच्या लहानशा ढिलाईतून मोठा कोन निघतो. विंचच्या हँडलचे दोन-चार वेढे जास्त फिरले तर इतकी ढिलाई सहज होते.

२० सेंटिमीटरच्या ढिलाईत रॅम्पचा गुरुत्वमध्य साधारण ११ सेंटिमीटर खाली येतो. ६० किलोच्या हिशोबाने ती सुमारे ६४ ज्यूल ऊर्जा. ही सगळी दोराला ताणून जिरवावी लागते, आणि पोलादी दोर फारसा ताणत नाही. माझ्या लांबीच्या दोराला १ मिलिमीटर ताणायला अंदाजे १०० न्यूटन लागतात असं धरू, आणि सगळा हिसका एकाच दोराने घेतला असं धरू. दोनदा ऊर्जा गुणिले कडकपणा, त्याचं वर्गमूळ: साडेतीन किलोन्यूटनच्या पुढे. म्हणजे ३६० किलोच्या आसपास. त्या कोनात शांतपणे धरलेल्या रॅम्पचा पूर्ण ताण असतो फक्त ३५ किलो. खांब थोडा वाकतो, रॅम्पची चौकट थोडी लवचीक असते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा काहीसा खाली येईल. तरी हा दसपट हिसका आहे आणि रॅम्प सोडताना तो दर वेळी बसतो.

दोर जाड केला की हा प्रश्न सुटेल असं वाटतं. पण जाड दोर कडकही जास्त असतो, कमी ताणतो, त्यामुळे हिसक्याचं बलही वाढतं. शिवाय तेच बल आता दोराचं टोक आवळणाऱ्या क्लिपवर, कप्पीवर आणि खांबाच्या बोल्टवर जातं. माझा तिसरा दोर आधीच्या दोघांपेक्षा जाड होता. तो तुटलाच, वर खांबाच्या पायथ्याचा एक बोल्टही सैल करून गेला.

जिथे तुटतो ती जागा काय सांगते

दोर तुटला की टाकून देऊ नका, तुटलेलं टोक नीट पाहा.

क्लिपच्या लगेच बाहेर तुटला असेल किंवा क्लिपमधून सरकला असेल तर क्लिप उलटी बसली असण्याची शक्यता मोठी. यू-क्लिपचे दोन भाग असतात, वाकवलेला यू-बोल्ट आणि खाचा असलेली बैठक. बैठक यायला हवी भार घेणाऱ्या लांब दोरावर, आणि यू-बोल्ट कापलेल्या मोकळ्या टोकावर. उलट लावली की यू-बोल्ट भाराच्या दोरालाच चेपतो आणि तारा तिथे चिरडतात. बरोबर बसवलेल्या क्लिपांनीही दोराची साधारण ८० टक्केच ताकद मिळते, उलट्या क्लिपांनी त्याहून बरीच कमी. मी तीन क्लिपा लावतो, तिन्हींची दिशा एक, आणि दोराच्या वळणात थिंबल (वळणाला आधार देणारी खाचेची धातूची कडी). पहिल्यांदा भार दिला की दोर थोडा बारीक होतो आणि नट सैल पडतात, म्हणून भारानंतर ते पुन्हा आवळायचे. ही पायरी बहुतेक जण सोडतात. पहिल्या दोराच्या वेळी मीही सोडली होती.

तुटलेल्या जागी बारीक तारा एकेक करून, वेगवेगळ्या अंतरांवर तुटलेल्या दिसल्या आणि ती जागा कप्पीवरून जाणारी असेल, तर कप्पी लहान आहे. दोर तिच्यावर वाकून-सरळ होऊन थकतो. कप्पीचा व्यास दोराच्या निदान १८ ते २० पट असावा, जास्त असेल तर उत्तम. ४ मिलिमीटरच्या दोराला ८० मिलिमीटरची कप्पी. माझी होती ४० ची. दोर जाड करून कप्पी तीच ठेवणं म्हणजे हे प्रमाण आणखी बिघडवणं. कप्पीच्या खाचेत जुन्या दोराने पाडलेल्या रेघा असतील तर तीही बदला, नाहीतर नवा दोर त्यांवर घासतो.

एकाच बाजूचा दोर पुन्हा पुन्हा जात असेल तर दोन्ही दोरांची लांबी सारखी नाही. टर्नबकलने (फिरवून लांबी कमी-जास्त करायच्या आट्यांच्या जोडणीने) जुळवता येते, पण काही महिन्यांनी पुन्हा बिघडते. एकच दोर रॅम्पच्या टोकाखालून दोन कप्प्यांवरून फिरवला तर ताण आपोआप वाटला जातो. त्यात रॅम्प तिरका होऊ शकतो, म्हणून बिजागऱ्या भक्कम हव्यात. शिवाय तो एकच दोर तुटला तर दुसरा आधार नसतो. म्हणून मी दोन वेगळे दोरच ठेवले आणि प्रत्येक पूर्ण ताणासाठी निवडला.

आणखी एक शक्यता. रॅम्पचं टोक जमिनीला न टेकता अधांतरी असताना कोणी वर चढलं तर सगळा भार दोरावर येतो. गाडी आणि स्वार मिळून २१० किलो टोकाशी असतील तर माझ्या मांडणीत दोन्ही दोर मिळून ५०० किलोहून जास्त ताण वाढतो. रॅम्प वापरताना टोक जमिनीवर पक्कं आणि दोर किंचित सैल, हीच बरोबर स्थिती. जमीन खचली असेल तर टोकाखाली फरशी टाका, दोराच्या भरवशावर राहू नका.

मी काय बदललं

सर्वात मोठा फरक दोन रबरी ठोकळ्यांनी पडला. ते चौकटीवर अशा जागी लावले की रॅम्प ८० अंशांवरच थांबतो. आता तो कायम बाहेरच्या बाजूला कललेला असतो. विंच जराशी सोडली की रॅम्प आपल्या वजनाने दोराबरोबर येतो आणि दोर कधी सैल पडत नाही. ८० अंशांवर टोकाशी हाताने धरायला साधारण ५ किलो बल लागतं, म्हणजे बिजागरीला तेलपाणी असेल तर तो अडकून राहत नाही. अडकलाच तर ढकलायचा नाही. आधी विंच आवळून ढिलाई काढायची, मग बिजागरी पाहायची.

जागेअभावी रॅम्प पूर्ण उभाच ठेवावा लागत असेल तर रॅम्प आणि चौकटीच्या मधे एक दाबाची स्प्रिंग बसवा, म्हणजे ती त्याला पहिले काही अंश बाहेर ढकलेल.

विंचही बदलली. जुनीला नुसती खिट्टी होती. खिट्टी उचलली की हँडल हातातून सुटून गरागरा फिरायचं. आता आपोआप ब्रेक लागणारी आहे, हँडल सोडलं तरी रॅम्प जागच्या जागी थांबतो. विंच घेताना लक्षात ठेवा, तिच्यावर लिहिलेली क्षमता ड्रमवरच्या पहिल्या थराची असते. वर थर चढत जातात तसा ड्रमचा व्यास वाढतो आणि ओढ कमी होते. आणि उभा रॅम्प विंचच्या भरवशावर सोडायचा नाही. त्यासाठी वेगळी साखळी आणि पिन. पिन काढायच्या आधी वजन विंचवर घ्यायचं, नाहीतर पिन निघताच तोच हिसका बसतो.

खांबाचा पायथा मात्र मला नव्याने करावा लागला. कप्पी बिजागरीच्या ओळंब्यात असली की दोर खांबाला बाहेर जितकं कलवू पाहतो ते आघूर्ण रॅम्पच्या आघूर्णाएवढंच असतं, माझ्याकडे एक मीटर अंतरावर सुमारे ७० किलो बल लावल्याएवढं. खांब उंच करून दोराचा ताण कमी होतो, पण पायथ्यावरचं आघूर्ण तेवढंच राहतं. म्हणून खांब वाढवताना मागून तिरका टेकू द्यायला विसरू नका. कप्पीच्या ब्रॅकेटवरही दोराच्या ताणाएवढंच नाही, त्याच्या जवळपास १.८ पट बल येतं, कारण दोर तिच्या दोन्ही बाजूंनी खाली ओढतो. माझ्याकडे दोन्ही कप्प्या मिळून १३० किलो.

आता दर महिन्याला हातमोजे घालून दोरावरून कापूस फिरवतो. तुटलेली तार असेल तर कापूस तिथे अडकतो. क्लिपच्या तोंडाशी दोरावर रंगाची एक रेघ मारून ठेवली आहे. रेघ क्लिपपासून दूर सरकलेली दिसली तर दोर सरकतोय, आणि त्या दिवशी रॅम्प वापरायचा नाही. खाली सोडताना रॅम्पच्या वाटेत आणि दोराच्या रेषेत कोणालाही उभं राहू देत नाही, लहान मुलांना तर अजिबातच नाही. खाड्कन आवाज मात्र परत आलेला नाही.